चर्चच्या न्यायालयात नास्तिक प्रतिवादी

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कुटुंब न्यायालयातून परस्परसंमतीने घटस्फोट मिळाला. त्याला वर्ष उलटून गेल्यावर माझ्या अशिलाला चर्चच्या विवाह न्यायाधिकरणाचं पत्र आलं. तिच्या पूर्वीच्या नवऱ्याने तिथे अर्ज केला होता, की आमचं लग्न मुळात झालंच नव्हतं असं चर्चने जाहीर करावं. अर्जाची प्रत सोबत जोडलेली, पत्रात तिचा उल्लेख ‘प्रतिवादी’ असा, आणि म्हणणं मांडायला पंधरा दिवसांची मुदत. ती नास्तिक आहे. कॉलेजात असल्यापासून आहे आणि घरच्यांना ते ठाऊक आहे. तिचा पहिला प्रश्न सरळ होता: “सर, मी गेलेच नाही तर काय करतील?”

काहीही करू शकत नाहीत. एवढ्या उत्तरावर प्रकरण संपायला हवं होतं. संपलं नाही, म्हणून हे टिपण. दोघांच्याही परवानगीने लिहितो आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी स्वतः हिंदू घरातला नास्तिक आहे, तेव्हा माझा कल कुणीकडे असेल हे वाचकाने धरूनच चालावं.

लग्न

दोघंही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या मराठीभाषक ख्रिस्ती समाजातले, कॅथलिक. दोघांची घरं मुंबईतल्या गावठाणांतली. घरात मराठी, शाळा इंग्रजी. ओळख घरच्यांनी करून दिलेली. लग्न ठरलं तेव्हा तिने नोंदणी पद्धतीने करू असं सुचवलं होतं. त्याच्या आईने ऐकूनच घेतलं नाही. तिच्या स्वतःच्या वडिलांनी मात्र बिनतोड प्रश्न विचारला: “बाय, तुझा विश्वासच नाही ना? मग तासभर उभं राहायला तुझं काय जातं?” नास्तिकाला यावर पटकन उत्तर सुचत नाही. तिलाही सुचलं नाही. आदल्या दिवशी वाजतगाजत उंबराचं पाणी आणलं गेलं, दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये लग्न लागलं.

तासभर उभं राहण्यात काय जातं, याचं उत्तर कायद्यात आहे. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा. त्याच्या कलम ५ नुसार बिशपकडून दीक्षा मिळालेल्या धर्मगुरूने आपल्या चर्चचे नियम, विधी आणि रूढी यांप्रमाणे लावलेलं लग्न हे राज्याच्या दृष्टीनेही पक्कं लग्न असतं. अशा धर्मगुरूला वेगळा सरकारी परवाना लागत नाही. चर्चच्या वहीत झालेली नोंद हीच कायद्याची नोंद, तिचं विवरण पुढे सरकारकडे जातं. म्हणजे वेदीसमोर उभा असलेला माणूस एकाच वेळी देवाचा आणि सरकारचा प्रतिनिधी असतो, आणि कोणत्या क्षणी तो कोणाच्या वतीने बोलतो हे त्याच्यासमोर उभ्या जोडप्याला कळायचा मार्ग नसतो. शिवाय ‘चर्चचे नियम’ हे शब्द कायद्यातच असल्यामुळे कोणाचं लग्न लावायचं आणि कोणाचं नाही हे ठरवण्याचा हक्क राज्याने चर्चच्या हाती दिलेला आहे.

लग्नाआधी धर्मगुरूने दोघांना वेगवेगळं बसवून विचारपूस केली. ही रीतच आहे. तुम्ही स्वखुशीने लग्न करता आहात का, ते आयुष्यभराचं मानता का, एकनिष्ठ राहाल का, देव देईल ती मुलं स्वीकाराल का. शेवटच्या प्रश्नावर ती तोंडी म्हणाली, “मुलांचं पुढे बघू.” कागदावर मात्र ‘हो’ लिहून सही केली. हे ‘पुढे बघू’ लक्षात ठेवायला हवं.

लग्नानंतर दोघांत शरीरसंबंध आलेच नाहीत. तिने आधी वाट पाहिली, मग विचारलं, मग विचारणं सोडून दिलं. शेवटी त्याने आपणहून सांगितलं की त्याला पुरुषांचं आकर्षण आहे, कळत्या वयापासून आहे, आणि लग्नाने हे जाईल असं त्याला प्रामाणिकपणे वाटलं होतं. तो श्रद्धाळू माणूस आहे. चर्चच्या गायनवृंदात गातो, आणि लग्नाआधी यासाठी नोवेना (नऊ दिवसांची प्रार्थना) केल्याचंही त्याने तिला सांगितलं. तिने आरडाओरडा केला नाही. काही आठवड्यांत ती माहेरी राहायला गेली. कारण दोघांनीही कोणाला सांगितलं नाही. गावठाणात त्याचा अर्थ ज्याला जसा हवा तसा लावला गेला. बहुतेकांनी तो तिच्या नास्तिकपणाशी जोडला.

घटस्फोट

ख्रिस्ती जोडप्यांना परस्परसंमतीने घटस्फोट देणारं, घटस्फोट कायद्यातलं कलम १०-क हे २००१ च्या दुरुस्तीने आलं. त्याआधी १८६९ चा कायदा होता तसाच चालू होता. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे, बायकोला मात्र व्यभिचाराला जोडून क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. हा भेदभाव घटनाविरोधी असल्याचं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये सांगितलं, संसदेला जाग यायला आणखी चार वर्षं गेली. ब्रिटिशांनी केलेला कायदा स्वतंत्र भारताने अर्धशतकाहून जास्त काळ चालू ठेवला. हे खापर चर्चच्या डोक्यावर फोडता येत नाही. कायदा बदला म्हणून ख्रिस्ती स्त्रियांच्या संघटनांनी आवाज उठवला तेव्हा चर्चमधली जबाबदार मंडळीही त्यांच्या बाजूने होती. आमच्या नास्तिक वर्तुळात ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

१०-क मध्येही खोट आहेच. हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा यांत परस्परसंमतीच्या अर्जासाठी एक वर्ष वेगळं राहिलं की चालतं, ख्रिस्ती जोडप्यासाठी मजकुरात दोन वर्षं आहेत. केरळ उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ही तफावत घटनेत बसत नाही म्हणून ती मुदत एक वर्षावर आणली. आमच्या प्रकरणात दोन वर्षं उलटून गेली होती, त्यामुळे तो वाद उकरायची गरज पडली नाही.

अर्ज तयार करताना तिने एक हट्ट धरला: धर्माच्या रकान्यात ‘नाही’ लिहा. माझ्या कारकुनाने चष्म्यावरून बघितलं. पण हे करता येत होतं. घटस्फोट कायद्याचं कलम २ म्हणतं की अर्जदार किंवा प्रतिवादी यांपैकी एक जण ख्रिस्ती धर्म मानणारा असला तरी न्यायालय दाद देऊ शकतं. तो होता. आणि कोणताही धर्म न मानण्याचा हक्क तर मुंबई उच्च न्यायालयानेच २३ सप्टेंबर २०१४ च्या निकालात मान्य केला आहे. त्या प्रकरणातले अर्जदार येशूवर विश्वास ठेवणारे होते, पण आम्ही कोणत्याही धर्माचे नाही असं त्यांचं म्हणणं होतं. राजपत्रात तशी नोंद करायला शासकीय मुद्रणालयाने नकार दिला म्हणून ते कोर्टात आले. न्यायालयाने सांगितलं की घटनेच्या कलम २५ मधल्या सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यात ‘मला धर्म नाही’ म्हणण्याचं स्वातंत्र्यही येतं, आणि राज्य कोणावर धर्म सांगण्याची सक्ती करू शकत नाही. नास्तिकांच्या कामी येणारा हा निकाल येशूच्या भक्तांनी मिळवून दिला.

या सगळ्यात महत्त्वाचं हे, की न्यायाधीशांनी कारण विचारलं नाही. दोन वर्षं वेगळे राहता? हो. एकत्र राहणं शक्य नाही? नाही. मनापासून ठरवलं आहे? हो. त्याचं गुपित अर्जात आलं नाही आणि तिच्या नास्तिकपणाचा तर विषयच निघाला नाही.

परस्परसंमती सोडून दुसरी वाट धरली असती तर राज्याचा कायदाही चर्चइतकाच बिछान्यापर्यंत पोचला असता. घटस्फोट कायद्याच्या कलम १० मध्ये जोडीदाराने शरीरसंबंधाला हेतुपुरस्सर नकार दिला हा घटस्फोटाचा एक आधार आहे. बायकोसाठी नवऱ्याच्या बलात्काराच्या, अनैसर्गिक संभोगाच्या गुन्ह्याचे वेगळे आधार आहेत. गंमत म्हणजे त्याच यादीत ‘दुसरा धर्म स्वीकारून ख्रिस्ती धर्म सोडला’ हाही एक आधार आहे, पण सगळेच धर्म सोडले तर तो लागू होत नाही. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नास्तिक ख्रिस्ती बाई आलीच नसावी.

अर्जात काय होतं

चर्चकडे घटस्फोट नाही. लग्न सुरुवातीपासूनच अवैध होतं एवढंच चर्च सहसा म्हणू शकतं, आणि ते म्हणायला ठरावीक आधार लागतात. त्याने, किंवा त्याला अर्ज लिहून देणाऱ्या चर्चच्या वकिलाने, निवडलेला आधार कॅनन कायद्याच्या, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्याच्या, कलम ११०१ चा होता: लग्नाच्या वेळी तोंडाने हो म्हणायचं आणि मनातून लग्नाचा एखादा आवश्यक भाग नाकारायचा. अर्जात लिहिलं होतं की प्रतिवादीचा देवावर विश्वास नाही, तिने विवाहसंस्कार केवळ देखावा म्हणून केला, आणि ‘मुलांचं पुढे बघू’ असं म्हणून अपत्यप्राप्ती नाकारली. त्याच्याविषयी त्यात एक ओळही नव्हती.

ती माझ्या ऑफिसात प्रत घेऊन आली तेव्हा रागाने थरथरत होती. “तीन वर्षं मी त्याचं गुपित सांभाळलं. आणि त्याने माझा देव नसणं वापरलं.”

हा आधार काल्पनिक नाही हे तिला सांगावं लागलं. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये विवाह रद्द करण्याची प्रक्रिया सोपी केली, एका निकालाला दुसऱ्या न्यायाधिकरणाने दुजोरा देण्याची जुनी अट काढली. दोघंही जोडीदार राजी असतील आणि पुरावा उघड असेल तर बिशपसमोर जलद मार्ग खुला केला. त्या जलद मार्गासाठी ज्या परिस्थितींची उदाहरणं दिली त्यांत श्रद्धेचा अभाव हेही एक आहे. नुसती अश्रद्धा पुरत नाही, तिच्यामुळे संमतीच खोटी ठरली असं दाखवावं लागतं. पण अर्ज लिहिणाऱ्याला हा रस्ता सोपा दिसला असणार. प्रतिवादी नास्तिक, ती स्वतःच ते कबूल करणार, मग साक्षीपुरावा कितीसा लागतो?

सल्लागार मंडळी

तिच्या ओळखीच्या बुद्धिवादी गटातले एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, फाडून टाक. उत्तर देणं म्हणजे त्यांचा अधिकार मान्य करणं. त्यांनी र. धों. कर्व्यांचा दाखला दिला. संततिनियमनाचा प्रचार की विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी, अशी वेळ आली तेव्हा १९२५ साली कर्व्यांनी नोकरी सोडली, प्रचार सोडला नाही. दाखला चांगला आहे, पण इथे लागू पडत नाही. मिशनऱ्यांच्या कॉलेजचा कर्व्यांच्या पोटावर ताबा होता. या न्यायाधिकरणाचा हिच्या कशावरच ताबा नाही. ज्याला आपल्यावर सत्ता नाही त्याला नकार देण्यात कसला पराक्रम?

वडील म्हणाले, फादरांना जाऊन खरं काय ते सांग. त्यांना खरं काय हे माहीत नव्हतं, पण लेक खोटी नाही एवढी खात्री होती.

समलिंगी हक्कांसाठी काम करणाऱ्या तिच्या एका मैत्रिणीचं म्हणणं सर्वांत कडक होतं. अर्जात काहीही असो, त्याच्याबद्दलचं सत्य सांगण्याचा हक्क फक्त त्याचा आहे. तुझी बदनामी होते म्हणून तू त्याचं गुपित फोडू शकत नाहीस. अशिलाला हे पटलं, पण त्या रात्री झोप लागली नाही असं तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

मी वकील म्हणून तिच्यासमोर जे ठेवलं ते असं. चर्चच्या निकालाचा नागरी परिणाम शून्य. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०१७ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. दुसऱ्या खेपेला तर चर्चच्या निवाड्यांना घटस्फोटाचा दर्जा द्या अशी जनहित याचिकाच फेटाळली. फक्त चर्चचा कागद हातात घेऊन दुसरं लग्न केलेली माणसं द्विभार्या प्रतिबंधाच्या कचाट्यात सापडू शकतात. तिच्याकडे कोर्टाचा हुकूमनामा होता, तेव्हा ती भीती नव्हती.

पण गप्प राहिली तरी प्रकरण थांबणार नव्हतं. प्रतिवादी आला नाही तर त्याला गैरहजर नोंदवून पुढे जाण्याची तरतूद कॅनन कायद्यात आहे. मग ‘तिने नास्तिक असल्यामुळे लग्नाचं नाटक केलं’ हे वाक्य बिनविरोध दप्तरात राहणार होतं. तिथली माणसं गुप्ततेने बांधलेली असतात, तरी पुरावा गोळा झाल्यावर दोन्ही पक्ष आणि त्यांचे वकील तो वाचतात. म्हणजे तिने जे लिहिलं असतं ते त्याने वाचलं असतं, आणि त्याच्या वकिलानेही.

“पण मी त्यांची सदस्यच नाही,” ती म्हणाली. चर्च तसं मानत नाही. तान्ही असताना तिचा बाप्तिस्मा झाला, आणि तो पुसता येत नाही. औपचारिक पत्र देऊन चर्च सोडलेल्यांना विवाहाच्या काही नियमांतून पूर्वी सूट होती, ती तरतूदही २००९ मध्ये पोप बेनेडिक्ट यांनी काढून टाकली. राज्याच्या कागदावर तिचा धर्म ‘नाही’, चर्चच्या वहीत ती कायमची कॅथलिक. मला यात अन्याय दिसत नाही. कोणत्याही संस्थेने आपल्या वहीत काय लिहावं हा तिचा प्रश्न, जोवर सरकार ती वही उघडून माझ्यावर हुकूम काढत नाही तोवर. घटस्फोटाच्या टोकाला सरकार ती वही उघडत नाही. लग्नाच्या टोकाला मात्र तीच वही सरकारची आहे. फ्रान्सने १७९२ मध्येच लग्नाची नोंद चर्चकडून काढून घेतली. तिथे आधी नगरपालिकेत लग्न, मग हवं तर चर्चमध्ये. आपल्याकडे धर्म आणि राज्य वेगळं करण्याबद्दल बोलणाऱ्यांनी १८७२ च्या कलम ५ कडे बोट दाखवायला हवं. पंधरा दिवसांच्या त्या पत्राला शिव्या घालून काही साधत नाही.

उत्तराचं पान

आम्ही एक पानी उत्तर लिहिलं. न्यायाधिकरणाचा अधिकार मी मानत नाही, केवळ माझ्याविषयीच्या चुकीच्या विधानाची नोंद व्हावी म्हणून लिहिते. लग्न देखावा म्हणून केलं नव्हतं, संसार करण्याच्या इराद्याने केलं होतं. मूल नको असं मी कधीही म्हटलं नाही. लग्न रद्द ठरवायला माझा विरोध नाही, पाठिंबाही नाही. शरीरसंबंधांविषयीच्या कोणत्याही प्रश्नाला मी उत्तर देणार नाही.

मसुद्यात शेवटी आणखी एक वाक्य होतं: ‘लग्न का टिकलं नाही हे अर्जदाराला माहीत आहे, त्याने ते स्वतः सांगावं.’ मला ते बिनधोक वाटत होतं, त्यात तर काहीच उघड होत नाही. ती म्हणाली, “सर, हे वाक्य वाचून फादर त्याला पहिला प्रश्न काय विचारतील?” वाक्य काढलं.

पान पाठवण्याआधी तिने त्याला फोन केला. संभाषण तिने मला नंतर सांगितलं. तो आधी माफी मागत राहिला. अर्ज वकिलाने लिहिला, मी नीट वाचलाही नाही, आई समोर बसली होती. मग तिने विचारलं, तुला हा निकाल हवाय कशाला, तू काय परत लग्न करणार आहेस? तो म्हणाला, “नाही. पण मी वेदीसमोर खोटं बोललो. ते खोटं होतं असं चर्चने म्हणावं एवढंच मला हवंय. नाहीतर मी आयुष्यभर त्यांच्या दृष्टीने नवराच राहणार.”

नास्तिकाला हे कळायला कठीण जातं, मलाही गेलं. पण यात तिला त्रास देण्याचा हेतू नव्हता, हे मात्र खरं. तिने त्याला पान वाचून दाखवलं. तो काही वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “मी आधार बदलून मागतो.”

बदललेला आधार कॅनन कायद्याच्या कलम १०९५ चा: मानसिक कारणांमुळे विवाहाची मूलभूत बंधनं स्वीकारायला असमर्थ असणं. समलिंगी असलेल्या जोडीदाराची लग्नं रद्द करताना चर्चची न्यायाधिकरणं बऱ्याचदा याच कलमाकडे वळतात. पर्याय होता तो शरीरसंबंध न आलेलं लग्न पोपकडून विसर्जित करून घेण्याचा. पण तिथे चौकशी आणखी आत शिरते, आणि तिच्या साक्षीशिवाय ते पुढे सरकणं अवघड.

हे कळल्यावर ती त्याच्यावर चिडली ती त्याच्या बाजूने. “तू आजारी आहेस असं सही करून देणार?” भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये समलैंगिकता हा आजार नाही असं सांगितलं. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. कोर्टात काही ख्रिस्ती संघटना कलम राहावं म्हणून उभ्या होत्या. पण मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ओसवाल्ड ग्रेशस यांनी डिसेंबर २०१३ मध्येच, कलम ३७७ पुन्हा लागू करणारा निकाल आला त्याच सुमारास, कॅथलिक चर्च समलिंगी माणसांना गुन्हेगार मानत नाही असं जाहीरपणे म्हटलं होतं. समलिंगी विवाहाला अर्थातच विरोध कायम होता, आणि चर्चची धर्मशिकवण समलिंगी कृतीला आजही मुळातच विकृत म्हणते, त्या माणसांशी आदराने वागा असंही सांगते. गुन्हेगार नाही, आदरास पात्र, पण ‘असमर्थ’ अशी सही केल्याशिवाय सुटका नाही.

माझं मत मी तिला सांगितलं. या लग्नात दोष कोणाचाच नव्हता, पण चर्चच्या अर्जात तसा रकाना नाही. एकतर हिची अश्रद्धा, नाहीतर त्याची असमर्थता. काहीतरी बिघडलेलं दाखवल्याशिवाय दार उघडत नाही. कुटुंब न्यायालयाने कारणच विचारलं नव्हतं, आणि धर्मनिरपेक्ष कायद्याकडून मला नेमकी हीच अपेक्षा आहे. पण त्याला चर्चमध्ये राहायचं असेल तर तिथल्या भाषेत बोलायचं की नाही हे त्याने ठरवायचं. आपण नास्तिकांनी त्याला त्यातून सोडवायला जाणं म्हणजे आणखी एक फादर होणं.

तिला हे पूर्ण पटलं नाही. तिने त्याला परत फोन करून सांगितलं की सही करशील तर कर, पण त्यातला एकही शब्द खरा नाही हे मला माहीत आहे आणि तुलाही माहीत असू दे. तो म्हणाला, “मला माहीत आहे. पण मला तिथे गायचंय.”

सध्या

आधार बदलल्यावर न्यायाधिकरणाचं दुसरं पत्र आलं, जोडीला प्रश्नावली. त्यात शरीरसंबंधांविषयीचे प्रश्न होतेच. तिने त्याला सांगून ते पत्र अनुत्तरित ठेवलं. आधीचं एक पान दप्तरात आहे, तेवढं तिला पुरेसं वाटतं. निकाल लागायचा आहे. चर्चचा विवाहबंधन-रक्षक लग्न वैध होतं असं मांडेल, कारण शंका असेल तिथे लग्न वैधच धरायचं हा त्यांचा नियम.

मधल्या काळात तिने मला विशेष विवाह कायद्याखालच्या नोटिशीचा नमुना मागितला. नाव, विवाहविषयक स्थिती, व्यवसाय, वय, राहण्याचा पत्ता, तिथे किती दिवस राहता. धर्माचा रकाना नाही. नोटीस मात्र तीस दिवस सर्वांना दिसेल अशी लावली जाते, ही त्या कायद्याची जुनी खोड. गावठाणातलं कोणीतरी ती वाचणार याची तिला खात्री आहे. सोबत कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत लागेल, चर्चचा कागद लागणार नाही, हे मी लिहून दिलं आहे. वडिलांनी विचारलं, चर्चने रद्द केलं तर तू पुन्हा चर्चमध्येही लग्न करू शकशील ना? करू शकेल. तिने त्यांना उत्तर काय दिलं ते मला सांगितलेलं नाही.

त्याने आईला अजून काही सांगितलेलं नाही. न्यायाधिकरणाची पत्रं घरी येऊ नयेत म्हणून त्याने ऑफिसचा पत्ता दिला आहे.